साष्टी बेटावरील वसाहतकालीन वारसा-फेरी : ठाण्यात आयोजन कसे करावे

ठाणे शहर साष्टी बेटाच्या ईशान्य कडेला वसले आहे. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस एके काळी माहीम-शीवची खाजणे अशी या बेटाची हद्द होती. पूल आणि भराव यांमुळे ही पाण्याची सीमा रोजच्या प्रवासात जाणवेनाशी झाली आहे, मात्र इ.स. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, तेव्हापासून १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यात येऊन थांबेपर्यंत येथे जे काही घडले, त्याचा उलगडा खाडी डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय होत नाही. गृहनिर्माण संस्था, वाचनालय, शाळा किंवा मित्रमंडळ यांना ठाण्यात तीन तासांची मार्गदर्शित फेरी काढायची असेल, तर ती कशी आखावी, परवानग्या कशा मिळवाव्यात आणि प्रत्येक थांब्यावर काय सांगावे, याची माहिती पुढे दिली आहे. नवी मुंबईतील वाचकांना ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाणे स्थानक गाठणे सर्वांत सोयीचे आहे. ऐरोली सोडल्यानंतर गाडी खाडी ओलांडते, तेव्हा खिडकीजवळची जागा मिळाल्यास ती सोडू नये.

सूत्र आधी, ठिकाणे नंतर

बहुतेक फेऱ्या कंटाळवाण्या होतात, कारण आयोजक प्रथम ठिकाणांची यादी करतो आणि मग ती ठिकाणे जोडणारी गोष्ट शोधत बसतो. क्रम उलटा ठेवावा. ठाण्याच्या फेरीसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: खाडीच्या या अरुंद वाटेवर ताबा कोणाचा, आणि तो त्याने कसा टिकवला? या प्रश्नाचे उत्तर देणारे ठिकाण फेरीत घ्यावे. न देणारे, कितीही सुंदर असले तरी, दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे. कान्हेरीची लेणी याच बेटावर आहेत, मंडपेश्वरच्या लेण्यांवर पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष उभे आहेत आणि वांद्र्याचा किल्लाही याच बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. पण ही सगळी ठिकाणे एका सकाळी कोंबल्यास लोकांच्या लक्षात फक्त बसचा प्रवास राहतो. पायी फेरीत सहा-सात थांबे आणि साधारण तीन किलोमीटर अंतर, यापलीकडे जाऊ नये.

टिपणे कशी तयार करावीत

१८८२ साली छापलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, हे तयारीचे पहिले साधन होय. त्यात किल्ला, चर्च, बंदरे आणि व्यापार यांची तपशीलवार नोंद आहे. अर्थात ते राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तयार केलेले पुस्तक आहे, हे वाचताना विसरता कामा नये. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थानिक इतिहासावरील मराठी पुस्तकांसाठी हाताशी आहेच.

वाचन करताना वहीत तीन रकाने आखावेत: कागदपत्रांत नोंदलेले, परंपरेने सांगितले जाणारे आणि निव्वळ ऐकीव. याचा उपयोग दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या सुटकेच्या प्रसंगावरून लक्षात येईल. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजींना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते तेथून निसटले, ही गोष्ट पहिल्या रकान्यात जाते. एका मराठी मोतद्दाराने घोड्याची देखभाल करता करता गाण्यातून पळण्याचा बेत खिडकीपाशी पोचवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नसल्याने तो त्यांच्या लक्षात आला नाही, ही कथा दुसऱ्या रकान्यात बसते; ती अवश्य सांगावी, पण ‘असे सांगतात’ या शब्दांसह. किल्ल्यापासून निघून खाडीखालून जाणाऱ्या भुयाराची गोष्ट तिसऱ्या रकान्यातली. प्रत्येक किल्ल्याला असे एखादे भुयार असतेच, आणि श्रोत्यांपैकी कोणीतरी ते आजोबांनी पाहिल्याचे सांगतोच. त्याच्याशी वाद घालू नये. पुढच्या थांब्याकडे चालू लागावे.

दिवस, वेळ आणि परवानग्या

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी सात वाजता सुरुवात करून दहाच्या आत फेरी संपवल्यास ऊन आणि बाजाराची गर्दी, दोन्ही टळतात. पहिल्या रेल्वेच्या स्मरणार्थ १६ एप्रिलला फेरी काढण्याचा मोह अनेकांना होतो. त्या दिवशी काढायचीच असेल तर साडेसहाला निघावे आणि थांबे दोनने कमी करावेत. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीमुळे त्या परिसरात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून ते दिवस सरळ वगळावेत. श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराच्या मंदिरात आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासकांची गर्दी असते, तर शनिवार हा यहुदी समाजाचा शब्बाथ. हे सर्व जुळवून पाहता, फेरीसाठी रविवार निवडल्यास चर्च फक्त बाहेरून पाहावे लागते. आतून पाहायचे असेल तर सुट्टीचा एखादा इतर वार शोधावा.

सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, सेंट जेम्स चर्च आणि सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) या तिन्ही ठिकाणी किमान तीन आठवडे आधी लेखी विनंती द्यावी. पत्रात संस्थेचे नाव, दिनांक, येण्याची आणि निघण्याची वेळ, एकूण माणसे, त्यांतील मुलांची संख्या, आत काय बोलले जाणार आहे आणि छायाचित्रे घेतली जाणार आहेत की नाही, हे स्पष्ट लिहावे. पत्र पोचल्यानंतर स्वतः जाऊन भेटावे. सिनेगॉगमध्ये सुरक्षेच्या कारणास्तव ओळखपत्रे मागितली जाऊ शकतात, तेव्हा सहभागी लोकांना आधीच तशी सूचना द्यावी. पारशी अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो; तेथे परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नाही आणि दारासमोर घोळका करून उभे राहणेही योग्य नाही. ठाणे मध्यवर्ती कारागृह हा कार्यरत तुरुंग आहे. आत जाण्यासाठी कारागृह प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते, ती मिळेल असे गृहीत धरून कार्यक्रम जाहीर करू नये, आणि बाहेरूनही भिंतीची किंवा प्रवेशद्वाराची छायाचित्रे कोणी घेणार नाही याची जबाबदारी आयोजकाची आहे.

रंगीत तालीम

फेरी ज्या वारी आणि ज्या वेळी निघणार आहे, त्याच वारी, त्याच वेळी मार्गदर्शकाने एकदा संपूर्ण मार्ग चालून पाहावा. बुधवारच्या दुपारी केलेली पाहणी रविवारच्या सकाळी उपयोगी पडत नाही. पाहायच्या गोष्टी या: वीस माणसे वाट न अडवता कोठे उभी राहू शकतील, सावली कोणत्या बाजूला असेल, रिक्षांच्या आवाजात बोललेले ऐकू येईल का, स्वच्छतागृह कोठे आहे आणि ते सकाळी उघडे असते का. जेथे वास्तू चांगली दिसते तेथे बोलता येतेच असे नाही. अशा ठिकाणी आधी शांत कोपऱ्यात माहिती सांगावी, मग वास्तूसमोर नेऊन दोन मिनिटे फक्त पाहू द्यावे.

गटात वीसपेक्षा जास्त माणसे नसावीत. शेवटच्या माणसामागे चालणारा एक स्वयंसेवक आवश्यक आहे. कमरेला लावायचा लहान ध्वनिवर्धक रस्त्यावर चालतो; उपासनास्थळांत तो बंद ठेवावा. वर्गणी घेतली असल्यास ती कशासाठी आहे हे आधी सांगावे, आणि मार्गदर्शकाला मानधन द्यावे. इतिहासाची आवड असणाऱ्याने फुकट बोलावे ही अपेक्षा आपल्याकडे फार रुजली आहे आणि ती गैर आहे.

प्रत्यक्ष मार्ग आणि प्रत्येक थांब्यावर काय सांगावे

सुरुवात मासुंदा तलावापाशी, म्हणजे सगळे ज्याला तलावपाळी म्हणतात तेथे, करावी. वसाहतकाळ सांगायचा असला तरी पहिली दहा मिनिटे शिलाहारांना द्यावीत, कारण पोर्तुगीज येथे आले ते ओसाड बेटावर नव्हे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक, म्हणजेच ठाणे, हे मोठे नगर होते. या राजवटीतील अरिकेसरी राजाचा शके ९३९ मधील, म्हणजे इ.स. १०१७ चा, ताम्रपट इंग्रजांना १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना सापडला. किल्ल्याची नवी बांधकामे करताना जुने राज्य जमिनीतून वर यावे, ही घटना फेरीच्या पुढील सर्व थांब्यांची प्रस्तावना म्हणून फार उपयोगी पडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वृत्तांतातही ठाण्याचे राज्य आणि बंदर यांचा उल्लेख येतो. त्यानंतर १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. युरोपीय माणसांचा ठाण्याशी संबंध पोर्तुगीज सत्तेच्या दोनशे वर्षे आधीचा आहे, हे यातून दिसते. तलावाकाठच्या कौपिनेश्वर मंदिराची सध्याची वास्तू १७६० च्या सुमारास, साष्टी मराठ्यांकडे आल्यानंतर, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारली. एकाच तलावाच्या परिसरात हे मंदिर आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, तेव्हा दोन सत्तांची गोष्ट येथे फारसे न चालता सांगता येते.

चर्चपाशी बोलताना विशेष काळजी घ्यावी लागते. पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरे झाली, देवळे मोडली गेली, याविषयी मौन पाळणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. तितकेच हेही खरे की, आज या चर्चमध्ये येणारी ईस्ट इंडियन (या भागातील मूळ कॅथलिक समाजाची) कुटुंबे याच मातीतली आहेत, मराठीची एक बोली बोलत आली आहेत आणि चारशे वर्षांपूर्वीच्या धोरणांचा जाब त्यांना विचारण्याचे काही कारण नाही. ‘त्यांनी’ आणि ‘आपण’ हे शब्द येथे टाळावेत. ‘पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी’ असे पूर्ण म्हणावे. शब्द लांबतो, पण गटात एखादे ईस्ट इंडियन कुटुंब असेल तर फरक लगेच कळतो.

जांभळी नाक्याच्या बाजारातून न थांबता जावे. बोलायला जागा नाही आणि पुढचा गट मागच्यापासून हमखास तुटतो.

टेंभी नाका आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या पट्ट्यात इंग्रजी अमलातील ठाणे दिसू लागते. १७७४ नंतर जिल्ह्याचे ठाणे म्हणून या गावाला महत्त्व आले, तेव्हा येथे कोण कोण स्थायिक झाले हे येथील उपासनास्थळांवरून वाचता येते. पारशी अग्यारी रस्त्यावरूनच दाखवावी. कोकणातील यहुदी असलेल्या बेने इस्रायली समाजाचे ‘शार हशामाईम’ हे सिनेगॉग १८७९ मधले आहे. बेने इस्रायली कुटुंबांची घरची भाषा मराठी, आडनावे कोकणातल्या गावांवरून पडलेली. त्यांतील अनेक जण सरकारी नोकरी आणि सैन्य यांच्या निमित्ताने शहरांकडे आले. आत प्रवेश मिळाल्यास पुरुषांनी डोके झाकावे. जवळच असलेले सेंट जेम्स चर्च हे अँग्लिकन पंथाचे असून जुलै १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. तलावाकाठचे चर्च आणि हे चर्च यांची तुलना श्रोत्यांनाच करायला सांगावी. पहिले स्थानिक धर्मांतरित समाजासाठी उभे राहिले, दुसरे प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. दोन वसाहतवादी सत्तांच्या स्वभावातला फरक समजावण्यास याहून चांगले साधन गावात नाही.

यानंतरचा थांबा सर्वांत मोठा: किल्ला, म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. प्रवेशद्वारापासून दूर, पदपथावर सावलीत, सर्वांना नीट उभे करावे आणि पंधरा-वीस मिनिटे द्यावीत.

पोर्तुगीजांनी हा किल्ला १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. दोन शतके बेट ताब्यात असताना एवढा मोठा किल्ला त्यांना तेव्हाच का हवासा वाटला, असा प्रश्न आधी श्रोत्यांना विचारावा. उत्तर खाडीपलीकडे आहे: कल्याण-भिवंडीच्या बाजूने मराठे येऊन पोचले होते आणि येथे खाडी इतकी अरुंद आहे की तिचे संरक्षण आपोआप होत नाही. काम पुरे होण्याआधीच, १७३७ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. वसई पडायला मात्र मे १७३९ उजाडले. पुढे १७७४ मध्ये, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत असल्याची बातमी मुंबईकर इंग्रजांना लागली. पेशवाईत तेव्हा कलह माजला होता. पोर्तुगीजांच्या आधी आपणच बेट घ्यावे या हिशेबाने इंग्रजांनी ठाण्याला वेढा दिला, त्यात कमोडोर वॉटसन प्राणांतिक जखमी झाला आणि डिसेंबरच्या अखेरीस किल्ला पडला. पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथरावाशी झालेला सुरतेचा तह मार्च १७७५ चा, म्हणजे ठाणे घेतल्यानंतरचा. इंग्रजांनी साष्टी तहाने मिळवली असा समज अनेकांचा असतो. त्यांनी ती आधी तलवारीने घेतली आणि कागद मागाहून केला. १७८२ च्या सालबाईच्या तहात इतर मुलूख परत देतानाही त्यांनी साष्टी सोडली नाही, यावरून मुंबईच्या दृष्टीने या बेटाची किंमत कळते: मुंबईच्या बेटावर पुरेसे पिकत नव्हते, साष्टीवर भात पिकत होता, आणि घाटाकडे जाणारी वाट ठाण्यावरून जात होती.

किल्ल्याचा तुरुंग झाल्यानंतरची नावे सांगताना आवाज आपोआप बदलतो, त्यासाठी वेगळे नाट्य करण्याची गरज नाही. महादेव कोळी समाजातील बंडाचे नेते राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी देण्यात आले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी झाली. अंदमानला रवाना करण्यापूर्वी १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनाही येथे ठेवले होते. डेंगळ्यांची सुटका या नावांच्या आधी, कालक्रमाने, सांगून टाकावी. नंतर सांगितल्यास ती विनोदी वाटते आणि प्रसंगाचे भान सुटते.

कारागृहाकडून कळव्याच्या पुलाच्या दिशेने खाडीकाठ गाठावा आणि तेथून स्थानकाकडे वळावे. वाहनांची वर्दळ मोठी असल्याने पुलावर गट नेऊ नये. पाणी दिसेल अशा जागी रेल्वेची गोष्ट सांगावी. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन निघाली आणि ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्यास आली. ती ठाण्यापर्यंतच का आली, हे सहसा कोणी विचारत नाही. पुढे खाडी होती. तिच्यावर पूल बांधून मार्ग कल्याणपर्यंत नेण्यास मे १८५४ उजाडला आणि तेव्हा साष्टी मुख्य भूमीशी लोहमार्गाने जोडली गेली. ज्या पाण्यासाठी किल्ला बांधला, वेढे दिले, त्या पाण्याचे लष्करी महत्त्व एका पुलाने कमी केले. स्थानकाजवळच्या चेंदणी कोळीवाड्यात फेरी संपवावी. राज्ये बदलत असताना खाडीत होड्या चालवणारे हे लोक येथेच होते. कोळीवाडा ही लोकांची घरे आहेत, तेव्हा दारांत डोकावू नये, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

नाश्त्याचा कार्यक्रम शेवटीच ठेवावा. मामलेदार मिसळीसाठी मध्येच थांबलेला गट पुन्हा पूर्ण जमलेला पाहण्याचे भाग्य फार थोड्या आयोजकांना लाभते.

घोडबंदरची जोडफेरी

ज्यांना अवशेष प्रत्यक्ष हाताने स्पर्शून पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी घोडबंदरचा किल्ला हा वेगळा अर्धा दिवस आहे. ठाण्याचा किल्ला बेटाची पूर्व बाजू राखतो, तर घोडबंदर उत्तरेकडील वसईची खाडी. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने येथे चढाई केली होती, पण घोडबंदर पोर्तुगीजांकडेच राहिले. मराठ्यांचा कबजा झाला तो पुढे वसईच्या मोहिमेत. टेकडीच्या पायथ्याच्या पोर्तुगीज चर्चचे रूपांतर इंग्रजी अमलात सरकारी बंगल्यात झाले, ही गोष्ट तेथे अवश्य सांगावी. किल्ल्यावरून खाडी आणि पलीकडचा वसईचा मुलूख एका नजरेत येतो, म्हणून नकाशा येथेच उघडावा.

घोडबंदर रस्त्यावरील कोंडीचा विचार करून ठाण्यातून सहाच्या आसपास निघावे. किल्ला मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. डागडुजीचे काम चालू असल्यास काही भाग बंद असू शकतो, म्हणून आदल्या आठवड्यात कोणीतरी जाऊन पाहून यावे. पावसाळ्यात दगड शेवाळतात आणि तटाच्या कडा धोक्याच्या होतात, त्या काळात मुलांचा गट नेऊ नये. पाणी सोबत न्यावे, प्रथमोपचाराची पेटी न्यावी, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी पायथ्याशी थांबण्याची सोय आधी ठरवावी.

फेरी झाल्यावर

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, मार्गदर्शकाने टिपणवहीत तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या थांब्यावर वेळ कमी पडला, कोणते प्रश्न आले आणि श्रोत्यांपैकी कोणी नवी माहिती दिली का. ठाण्यातील जुन्या कुटुंबांकडे छायाचित्रे, दस्त, घरपट्टीच्या पावत्या अनेकदा निघतात; ती पाहण्याची परवानगी घ्यावी, उसनी आणू नयेत. ज्या संस्थांनी दार उघडले त्यांना आठवड्याच्या आत आभाराचे पत्र पाठवावे आणि विनंतीपत्रांच्या प्रती दिनांकानुसार लावून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी विश्वस्त बदललेले असतात, आणि तेव्हा मागच्या पत्राची प्रत दाखवली की बोलणे लवकर पुढे सरकते.